उलटी रांग

शहरात मी झेब्रा मारतो.
मुंबई नाका ते द्वारका, रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत,
डांबर निवलं की.
सकाळी नऊला त्यावर टायरांची नक्षी,
आणि पट्ट्यामागे थांबलेला एक माणूस?
अजून बघायचाय.

आडगावच्या पुढे द्राक्षबागांच्या पाठीमागे ट्रॅक झाला,
ठेकेदार म्हणाला, "बाळू, चोवीस खोकी मारायचीत."
पुरती खोकी नव्हेत. पुढे आडवी रेघ,
दोन्ही टोकांना मागे दुमडलेले कान.
एक डावीकडे, आठ मीटर मागे उजवीकडे दुसरं,
पुन्हा आठ मीटर मागे, पुन्हा डावीकडे.
शेजार कोणालाच नाही.

निळीची दोरी ताणली, टणकन सोडली.
आठव्या खोक्याशी डांबराला तडा होता.
रेघ बोटभर पुढे घेतली.
कोणाला बोललो नाही.

शनिवारी सकाळी वीस मिनिटं वेळ लावायची,
जलद फेरी ज्याची, तो पुढे. हे कळलं.
दुपारी पहिली शर्यत, त्याच रांगेने. हेही.
रविवारचं ऐकलं आणि ब्रश डब्यात ठेवला:
शनिवारचे पहिले आठ उलटे उभे राहणार,
आठवा पहिल्या खोक्यात, जिंकलेला आठव्यात.
"रामकुंडापाशी गंगा वळते की नाही," थेटे म्हणाले,
हातात पान्हा, कानामागे पेन्सिल,
"तसंच. पोरं दमात राहतात."
आणि नववा?
"नववा नववाच."

थेट्यांचं पाथर्डी फाट्यावर रिमोल्डचं दुकान.
पोरगी शर्वाणी, सतरा वर्षांची, सत्तावीस नंबरची गाडी,
एकच माणूस मावेल एवढी, चाकं उघडी,
बसली की नुसतं हेल्मेट दिसतं,
ताटलीत ठेवलेल्या लिंबासारखं.
पुण्याच्या पोरांना तंबू, पंखे, टायरांना चादरी.
हिच्या टायरांवर खडूने लिहिलेलं: रविवार. हात लावू नये.

शेवटची फेरी, शर्वाणी सातवी.
मागे दोघे, एकमेकांच्या शेपटीला.
एकाला जाऊ दिलं तर आठवी,
म्हणजे उद्या सगळ्यांच्या पुढे, समोर मोकळा रस्ता.
थेट्यांनी पाटी वर धरली. कोरी.
शेवटच्या वळणात तिच्या इंजिनाचा आवाज किंचित उतरला
(मी पट्टेवाला, मला काय कळतं, पण उतरला),
एक गेला.
त्याच्या मागोमाग, त्याच फटीतून, दुसराही.

नववी.
पेन्सिल थेट्यांनी दाताखाली धरली ती तशीच.
पोरीने हेल्मेट काढलं नाही बराच वेळ.
पाय सोडला की टायरांनीच दगा दिला,
बापाने विचारलं नाही. मीही नाही.

रविवारी मला जाता आलं नाही,
महापालिकेने शालिमारचं काम काढलं.
पण दिवसभर डोक्यात तेच,
की आज आठव्या खोक्यात कालचा जिंकलेला उभा,
माझ्या बोटभर फुकटावर,
आणि त्याच्या आठ मीटर मागे ती,
जिला मी काहीच दिलं नाही.

सोमवारी, म्हणजे रविवारच्याच रात्री तीनला,
द्वारकेची थांबारेघ नुकतीच वाळलेली.
सिग्नल लाल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
छोटा हत्ती आला, मागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबट,
वेग उतरत उतरत
रेघेच्या अलीकडे थांबला. बरोब्बर.
आत थेटे झोपलेले, मान काचेला.
गाडी तिच्या काकाच्या हातात. शर्वाणी मधे, जागी,
दिव्याकडे बघत होती.

मी बादली घेऊन जवळ गेलो. कितवी आलीस?
"सहावी."
मग खाली वाकून रेघ बघितली तिने.
"काका, ही तुम्हीच मारली का?
सरळ आहे."

तड्याचं ओठावर आलं होतं.
तेवढ्यात लाल विझला,
आणि काकाने गिअर टाकायच्या आधीच
तिचा उजवा पाय हलला,
तिच्या बाजूला नसलेल्या पेडलवर.